गच्चीवरचे ऊन आधी मोजा: इंदूरच्या घरासाठी सौर वीज आणि सौर बंब

लोकमान्यनगरातल्या आमच्या घरावर सौर पॅनल बसले ते जून महिन्यात. जागा पाहायला आलेल्या माणसाने भर दुपारी गच्चीवर उभे राहून चौफेर नजर टाकली, सावली कुठेच नाही असे सांगितले आणि जिन्याच्या खोलीच्या उत्तरेला, तिच्या भिंतीपासून अवघ्या चार फुटांवर पॅनलची रांग आखून दिली. आम्हीही मान डोलावली. डिसेंबर लागला तेव्हा त्याच खोलीची सावली सकाळपासून दुपारपर्यंत रांगेवरून सरकू लागली आणि दिवसाला बारा-तेरा युनिट देणारी यंत्रणा सात-आठ युनिटांवर आली. पुढच्या वर्षी सगळा सांगाडा उकलून पलीकडे हलवावा लागला आणि त्याचा खर्च आम्हीच सोसला. त्यामुळे आज ओळखीतले कोणी सौर ऊर्जेबद्दल विचारायला आले की मी त्यांना पॅनलचा भाव शेवटी सांगतो. आधी विजेचे बिल पाहावे, मग गच्ची पाहावी, मग सावली मोजावी आणि त्यानंतरच विक्रेत्याला फोन करावा, हा क्रम ज्यांनी पाळला त्यांचे पैसे वाया गेल्याचे मी पाहिलेले नाही.

पहिली पायरी: बिल वाचणे

गेल्या बारा महिन्यांची बिले एकत्र काढावीत आणि प्रत्येक महिन्याचे रुपये न पाहता युनिट लिहून घ्यावेत. एकाच महिन्याच्या बिलावरून अंदाज बांधू नये, कारण इंदूरच्या घरात मे महिन्यात कूलर किंवा एसी, जानेवारीत गीझर आणि ऑक्टोबरात यांपैकी काहीच नाही, असा वापर खालीवर होत असतो. बारा महिन्यांची बेरीज हाच खरा आकडा.

हा आकडा हातात आला की पहिला निर्णय घ्यायचा असतो, आणि तो सौर यंत्रणा न बसवण्याचाही असू शकतो. मध्य प्रदेशात अटल गृहज्योती योजनेखाली महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांसाठी १०० रुपयेच द्यावे लागतात. ज्या घरात दोघे वृद्ध राहतात, एसी नाही आणि वापर वर्षभर या मर्यादेच्या आत राहतो, त्या घराने कर्ज काढून पॅनल बसवल्यास वाचणारी रक्कम इतकी लहान असते की गुंतवणूक वसूल व्हायला फार काळ लागेल. अशा घराला मी प्रामाणिकपणे थांबायला सांगतो. याउलट ज्यांचा वापर ही मर्यादा सतत ओलांडतो, त्यांना वाचलेल्या प्रत्येक युनिटाचा पूर्ण फायदा होतो.

बिलावर आणखी दोन गोष्टी पाहायच्या. एक म्हणजे स्वीकृत भार, म्हणजे वितरण कंपनीने तुमच्या जोडणीला मंजूर केलेले किलोवॅट. दुसरी म्हणजे नाव. आपल्याकडच्या जुन्या घरांत ही दुसरी गोष्टच अधिक अडते, कारण घर वडिलांच्या किंवा नातवाच्या ताब्यात असले तरी बिल अजून आजोबांच्या नावाने येत असते. सौर यंत्रणेला मिळणारे सरकारी अनुदान (त्याचा तपशील सहाव्या पायरीत) ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते आणि बिलावरचे नाव, ओळखपत्रावरचे नाव व खात्यावरचे नाव जुळावे लागते. नाव बदलायचे असेल तर ते काम पॅनलच्या आधी उरकावे. वारसाची कागदपत्रे, भावाबहिणींची संमती आणि कर भरल्याची पावती गोळा करण्यात किती आठवडे जातात हे ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक आहे.

दुसरी पायरी: गच्चीची ताकद आणि जागा

एक किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या आसपास मोकळी जागा धरावी. प्रत्यक्ष पॅनल त्याच्या निम्मीच जागा व्यापतात, पण दोन रांगांमधले अंतर, पुसण्यासाठी लागणारी वाट आणि कठड्यापासून सोडायची जागा मिळून एवढे लागते.

सिमेंट-काँक्रीटची वापरातली गच्ची प्रत्येक चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरून आखलेली असते, तर पॅनल आणि सांगाडा मिळून तो भार साधारण १५ ते २० किलोच भरतो. त्यामुळे बऱ्या बांधणीच्या स्लॅबला वजनाची चिंता सहसा नसते. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे लाकडी तुळया आणि त्यावर माती किंवा फरशी असे धाबे असते, आणि बांधकाम अभियंत्याने तुळयांची टोके भिंतीत शिरतात तिथे वाळवी आणि ओल तपासल्याशिवाय त्यावर काही चढवू नये.

वजनापेक्षा अधिक काळजी वाऱ्याची करावी. पॅनल म्हणजे पत्र्याचे शीडच असते आणि जूनच्या सुरुवातीला मान्सूनपूर्व वादळ येते तेव्हा वारा ते खाली दाबत नाही, वर उचलतो. सांगाडा ताशी १५० किलोमीटर वेगाचा वारा सोसेल असा आखलेला असावा आणि हे करारात लिहून घ्यावे. स्लॅबला भोके पाडून खिळवण्यापेक्षा काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत पाय रोवणे मला पसंत आहे, कारण पाणीरोधक थर एकदा फुटला की गळती पॅनलखालीच सुरू होते आणि तिथे दुरुस्तीला हात पोचत नाही.

आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: पापड, कुरडया आणि सांडगे कुठे वाळवायचे? तो हसण्यावारी नेऊ नये, कारण गच्ची घराच्या रोजच्या वापरातली जागा आहे. सात-आठ फूट उंच सांगाडा केला तर खाली वावर राहतो आणि जिन्याच्या खोलीची सावलीही पॅनलपर्यंत कमी पोचते. मात्र लोखंड अधिक लागते, वाऱ्याचा जोर वाढतो आणि पॅनल पुसायला शिडी लागते. दक्षिणेकडचा उन्हाचा पट्टा मोकळा ठेवून मागच्या भागात मध्यम उंचीचा सांगाडा करणे हा आमच्या घरात झालेला समेट आहे आणि तो टिकला आहे.

तिसरी पायरी: सावली

ही पायरी मी सविस्तर सांगणार आहे, कारण चुका इथेच होतात आणि बसवणाऱ्याच्या घाईमुळे त्या झाकल्या जातात.

इंदूर २२.७ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि उभ्या भिंतीची सावली तिच्या पायाशी गोळा होते. म्हणूनच जूनमध्ये गच्ची पाहणाऱ्या माणसाला सावली दिसत नाही, आणि तो खोटे बोलत असतो असेही नाही. २१ डिसेंबरला तोच सूर्य मध्यान्ही क्षितिजापासून फक्त ४४ अंशांवर असतो. त्या वेळी भिंतीची सावली उत्तरेकडे तिच्या उंचीहून किंचित लांब पडते: आठ फुटी जिन्याच्या खोलीची सावली आठ फुटांहून थोडी अधिक. सकाळी साडेनऊच्या सुमारास मात्र ती उंचीच्या दुप्पट होते आणि वायव्येकडे पसरते. दुपारी साडेतीनच्या सुमारास तशीच दुप्पट सावली ईशान्येकडे जाते. इंदूरची मध्यान्ह डिसेंबरात घड्याळाच्या बारा वाजता नसते, ती १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास होते, कारण आपले घड्याळ बरेच पूर्वेकडच्या रेखांशाची वेळ दाखवते. सावली मोजताना हे लक्षात ठेवावे.

यावरून एक सोपा नियम निघतो. जिन्याची खोली, पाण्याची टाकी, शेजारचे उंच घर किंवा नारळाचे झाड यांपैकी जे काही पॅनलच्या आग्नेयेला, दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला असेल, त्याची पॅनलच्या खालच्या कडेपेक्षा जेवढी उंची वर असेल तिच्या दुप्पट अंतर मोकळे सोडावे. एवढे अंतर मिळाले तर वर्षातल्या सर्वांत लांब सावलीच्या दिवशीही कामाचे सहा तास ऊन मिळते. पॅनलच्या उत्तरेला असलेल्या वस्तूची एवढी चिंता करावी लागत नाही, म्हणून पॅनल जिन्याच्या खोलीच्या दक्षिणेला बसवता आले तर सर्वांत उत्तम. तिच्या छपरावर बसवणे हा दुसरा चांगला मार्ग.

शक्य असेल तर डिसेंबरातला एक दिवस या कामाला द्यावा. गच्चीवर खडूने दर तासाला सावलीची कड आखून ठेवावी आणि संध्याकाळी जो भाग कोरा उरेल तो पॅनलचा. उज्जैन आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. तिथल्या सवाई जयसिंहाच्या वेधशाळेतले शंकुयंत्र एकदा मुलांना घेऊन अवश्य पाहावे. उभ्या शंकूच्या सावलीवरून सूर्याची वर्षभराची वाटचाल कशी वाचतात हे तिथे दगडावर आखलेले दिसते, आणि गच्चीवर खडूने आपण तेच करत असतो.

थोड्या सावलीने एवढा फरक का पडतो, हेही समजून घ्यावे. घरगुती यंत्रणेत पॅनल एकामागून एक जोडलेले असतात आणि त्यांतून एकच प्रवाह वाहतो. एका पॅनलवर सावली आली की तो प्रवाह अडतो, नळीवर एका जागी पाय पडावा तसा. पॅनलच्या मागच्या पेटीत सहसा तीन बायपास डायोड असतात आणि ते अडलेला भाग वगळून प्रवाहाला वाट काढून देतात, पण त्या भागाची वीज जातेच. म्हणून डिशच्या छत्रीच्या दांड्याची किंवा कपड्यांच्या दोरीची सावलीसुद्धा हलकी समजू नये. सावली टाळणे अशक्यच असेल तर प्रत्येक पॅनलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या इन्व्हर्टरचे छोटे रूप) लावण्याचा पर्याय आहे. तो महाग पडतो, पण वाकड्यातिकड्या गच्चीवर योग्य ठरतो.

आणखी एक सावली आज दिसत नाही, ती शेजारच्या रिकाम्या किंवा एकमजली घराची. दक्षिणेकडच्या शेजाऱ्याने दोन वर्षांनी मजला चढवला तर तुमच्या उन्हावर तुम्हाला हक्क सांगता येणार नाही. त्याच्याशी आधीच मोकळेपणी बोलून घ्यावे.

पॅनलचे तोंड दक्षिणेला आणि कल साधारण २० ते २२ अंशांचा असावा. कल १५ अंशांपर्यंत कमी झाला तरी वर्षाच्या उत्पादनात फारसा फरक पडत नाही आणि वाऱ्याचा जोर मात्र कमी होतो. दक्षिण मिळतच नसेल तर पूर्व किंवा पश्चिम चालते, उत्पादन साधारण दहा टक्क्यांच्या आसपास घटते. उत्तरेला तोंड करून कोणी बसवत असेल तर त्याला थांबवावे.

चौथी पायरी: किती किलोवॅट आणि कोणत्या प्रकारची यंत्रणा

आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट पॅनलमधून वर्षाची सरासरी काढता दिवसाला सुमारे ४ युनिट, म्हणजे वर्षाला १,४०० युनिटांच्या आसपास वीज मिळते. मार्च ते मे या काळात हा आकडा वर जातो आणि जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत बराच खाली येतो. समजा, राजेंद्रनगरातल्या पाच जणांच्या कुटुंबाचा वापर महिन्याला सरासरी ३०० युनिट आहे. वर्षाचे ३,६०० युनिट झाले. त्याला १,४०० ने भागले तर २.६ येतात. धूळ आणि किरकोळ सावलीची तूट धरून या घराला ३ किलोवॅट पुरतील. हल्लीचे पॅनल ५४० वॅटच्या आसपासचे असतात, म्हणजे असे सहा पॅनल.

गरजेपेक्षा बरीच मोठी यंत्रणा बसवून वीज विकून कमाई होईल, असे कोणी सांगितले तर सावध राहावे. नेट मीटर बाहेरून घेतलेली आणि बाहेर दिलेली अशी दोन्ही वीज मोजतो. त्यात जादा युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, पण आर्थिक वर्षाच्या अखेरीस उरलेल्या युनिटांचा मोबदला आपण भरतो त्या दराने मिळत नाही. स्थिर आकार आणि काही रकमा बिलावर राहतातच, त्यामुळे शून्य बिलाचे आश्वासनही शब्दशः घेऊ नये.

यंत्रणेचे मुख्य प्रकार दोन. पहिली ग्रीडला, म्हणजे वितरण कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेली: दिवसा पॅनलची वीज घरात वापरली जाते, उरलेली तारेतून बाहेर जाते आणि रात्री आपण बाहेरून घेतो. हिच्यात बॅटरी नसते आणि बाहेरची वीज गेली की ही यंत्रणा भर उन्हातही बंद पडते. नवख्या माणसाला याचे फार आश्चर्य वाटते, पण ते मुद्दाम केलेले असते. बाहेर तारांवर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनला आपल्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसू नये यासाठी इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. दुसरी हायब्रिड: तिला बॅटरी जोडलेली असते आणि वीज गेल्यावर ठरावीक दिवे-पंखे चालू राहतात. इंदूर शहरात वीज जाण्याचे प्रमाण पाहता बहुतेक घरांना पहिली पुरेशी आहे. घरात ऑक्सिजन यंत्रावर असलेले आजारी माणूस असेल किंवा शहराबाहेरच्या वस्तीत रोजच वीज जात असेल, तर दुसरीचा विचार करावा.

पाचवी पायरी: दरपत्रक मागवणे

किमान तीन विक्रेत्यांकडून लेखी दरपत्रक घ्यावे आणि त्यात ‘३ किलोवॅट, इतके रुपये’ एवढेच लिहिलेले असेल तर ते परत करावे. पॅनलचा मेक आणि वॅट, इन्व्हर्टरचा मेक, सांगाड्याच्या लोखंडाची जाडी आणि त्यावरचा जस्ताचा थर, डीसी (पॅनलकडच्या) आणि एसी (घराकडच्या) केबलचा आकार, अर्थिंगची संख्या, प्रत्येक वस्तूची हमी आणि पाच वर्षांची देखभाल कोण करणार, हे सगळे लिहिलेले असावे. पॅनलच्या कामगिरीची हमी सहसा २५ वर्षांची असते, पण इन्व्हर्टरची त्याहून बरीच कमी असते. म्हणून या काळात इन्व्हर्टर एकदा बदलावा लागेल असे धरूनच हिशेब करावा.

पॅनलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. मे महिन्यात आपल्या गच्चीवर पॅनल सहज ६५ अंशांपर्यंत तापतो आणि दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्के वीज घटते, म्हणजे ४० अंशांमागे १४ टक्के. ऊन सर्वांत कडक असते त्या दुपारीही यंत्रणा पूर्ण आकडा का दाखवत नाही, याचे उत्तर हे आहे. पॅनल पत्र्याला किंवा स्लॅबला चिकटवून बसवू नयेत, खालून वारा खेळला पाहिजे.

अर्थिंगवर अडून बसावे. सांगाड्याचे आणि पॅनलचे एक, इन्व्हर्टर व एसी बाजूचे दुसरे आणि आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचे तिसरे, असे तीन वेगळे खड्डे हवेत. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि सळईभोवतीची पकड सुटते, त्यामुळे पावसाळ्यात चांगले दिसणारे अर्थिंग मे महिन्यात कुचकामी झालेले असू शकते. ते मोजून घ्यावे, शक्य तर उन्हाळ्यात. सहा पॅनलांच्या जोडणीत डीसी बाजूला अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात आणि जोवर उजेड आहे तोवर ते घराचा मुख्य स्विच बंद करूनही जात नाहीत. संक्रांतीला गच्ची पतंगांसाठी मुलांनी भरते, तेव्हा या तारा नळीत बंदिस्त आणि मुलांच्या हाताला न लागणाऱ्या उंचीवर असल्याच पाहिजेत.

सहावी पायरी: अर्ज, अनुदान आणि नेट मीटर

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि देशातल्या एक कोटी घरांचे लक्ष्य ठेवून ती २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आखलेली आहे. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळते. यंत्रणा पाच किलोवॅटची बसवली तरी अनुदान एवढेच राहते. या रकमा सरकारने धरलेल्या पायाभूत किमतीवर बेतलेल्या आहेत: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ५०,००० रुपयांचे ६० टक्के आणि तिसऱ्याला ४५,००० रुपयांचे ४० टक्के. म्हणजे तीन किलोवॅटची पायाभूत किंमत १,४५,००० रुपये. बाजारातले दरपत्रक याहून अधिक असू शकते, पण किती अधिक आणि कशासाठी, हे विचारायला हा आकडा उपयोगी पडतो. गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक दिव्यांसाठी आणि पंपांसाठी अनुदान किलोवॅटला १८,००० रुपये आहे.

अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर करायचा असतो. राज्य, वितरण कंपनी (इंदूरला मध्यप्रदेश पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी), बिलावरचा आयव्हीआरएस क्रमांक (ग्राहकाची ओळख सांगणारा) आणि मोबाइल घालून नोंदणी होते. दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती यंत्रणेला २०२४ च्या नियमांनुसार वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही आणि स्वीकृत भार कमी असेल तर तो त्या प्रमाणात वाढवला जातो. मात्र भार वाढल्याचा स्थिर आकारावर काय परिणाम होईल ते आपल्या झोन कार्यालयात आधी विचारून घ्यावे. विक्रेता पोर्टलवर नोंदलेलाच निवडावा आणि पॅनल देशात बनलेल्या सेलपासून (पॅनलमधल्या वीज तयार करणाऱ्या चकत्या) देशातच तयार झालेले असल्याची खात्री करावी, कारण अनुदानाला ती अट आहे. परदेशी सेलचे पॅनल स्वस्त पडतात आणि काही विक्रेते हा मुद्दा शेवटपर्यंत बोलत नाहीत.

बसवून झाल्यावर नेट मीटरचा अर्ज, कंपनीच्या कर्मचाऱ्याची पाहणी, मीटर बदल आणि कार्यान्वित झाल्याचा अहवाल असा क्रम असतो. त्यानंतर पोर्टलवर बँक तपशील आणि रद्द केलेला धनादेश चढवला की अनुदान खात्यात येते. ही सगळी कामे विक्रेता करून देतो, परंतु पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपी स्वतःकडेच ठेवावा. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. शेवटचा हप्ता नेट मीटर लागून पहिले बिल आल्यावर द्यायचा, असे ठरवून घेतल्यास कामे झपाट्याने होतात.

सातवी पायरी: गरम पाणी

आंघोळीच्या पाण्यासाठी सौर बंब ही वेगळी आणि अधिक जुनी वाट आहे. पॅनल आपल्यावर पडलेल्या उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलतो, तर बंब निम्म्याच्या आसपास ऊन उष्णतेच्या रूपात पाण्यात उतरवतो, म्हणून त्याला जागा फार थोडी लागते. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४.६५ युनिट लागतात, म्हणजे दोन किलोवॅटचा गीझर दोन तासांहून अधिक चालावा लागेल. हे काम दोन चौरस मीटरचा बंब उन्हावर करतो. त्या शंभर लिटरांत थंड पाणी मिसळले की हिवाळ्यातही चार-पाच जणांच्या बादलीने होणाऱ्या आंघोळी आरामात होतात.

असे असूनही, इंदूरच्या लहान घराला मी आधी पॅनल आणि मग बंब असे सांगतो. आपल्याकडे गरम पाणी खऱ्या अर्थाने नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच लागते. उन्हाळ्यात बंब तापत राहतो आणि त्याची उष्णता कोणाच्या कामाची नसते, पॅनलची वीज मात्र बाराही महिने वळती होते. शिवाय सूर्यघर योजनेतून बंबाला अनुदान नाही. मोठे एकत्र कुटुंब, वसतिगृह, मंगल कार्यालय किंवा रुग्णालय असेल तर हिशेब उलटा होतो आणि तिथे बंब आधी यावा.

निवड करताना आपल्या घरी पाणी कोणते येते ते पाहावे. नळाला येणारे नर्मदेचे पाणी त्या मानाने सौम्य असते. बोअरिंगचे पाणी क्षारांचे असते आणि तांब्याच्या बारीक नळ्या असलेल्या सपाट बंबात ते काही वर्षांत चुन्याचा थर बसवते. बोअरिंगवर चालणाऱ्या घराने काचेच्या नळ्यांचा बंब घ्यावा आणि वर्षातून एकदा नळ्यांत साचलेला गाळ काढून घ्यावा. गार पाण्याची टाकी बंबाच्या टाकीहून किमान फूटभर उंच हवी, कारण पाणी पंपाविना चढते ते याच उतारावर. टाकीपासून न्हाणीघरापर्यंतची नळी आखूड आणि उष्णतारोधक वेष्टनाची असावी, नाहीतर रोज सकाळी बादलीभर पाणी गरम येण्याची वाट पाहत मोरीत जाते. काचेच्या नळ्या रिकाम्या तापलेल्या असताना दुपारी त्यांत गार पाणी सोडू नये, त्या तडकतात. पाणी भरायचे ते पहाटे किंवा अंधार पडल्यावर.

उन्हावर स्वयंपाक करण्याची कोणाला ओढ असेल तर तिचा वारसा आपल्या शहराजवळच आहे. पद्मश्री जनक पलटा मॅकगिलिगन यांनी १९८५ मध्ये इंदूरला ग्रामीण स्त्रियांसाठीची बरली संस्था उभारली आणि आता सनावदिया गावात त्या सौर चुली प्रत्यक्ष वापरून दाखवतात. तिथे एकदा जाऊन पाहिले की डाळ-भातासाठी पेटीचा सूर्यकूकर घ्यावासा वाटतो, आणि घ्यावाच.

पहिल्या वर्षाची वही

यंत्रणा सुरू झाल्यावर वर्षभर एक वही ठेवावी आणि दर रविवारी संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा एकूण युनिटांचा आकडा लिहावा. मोबाइलमधल्या ॲपवर तो दिसतो, परंतु ॲप बंद पडते आणि वही राहते. जुलैत आकडा खाली गेला तर घाबरू नये. फेब्रुवारीच्या लख्ख दिवसांत तो खाली गेला तर आधी धूळ पाहावी, मग नवी सावली पाहावी आणि त्यानंतर भर दुपारी इन्व्हर्टर व्होल्टेज वाढल्याची खूण दाखवून बंद होतो का ते पाहावे. एकाच ट्रान्सफॉर्मरवर बरीच सौर घरे आली की दुपारी व्होल्टेज चढते आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी थांबतो. ही तक्रार विक्रेत्याची नसते, ती वितरण कंपनीकडे वहीतल्या तारखा आणि वेळांसह लेखी द्यावी.

फेब्रुवारी ते जून या धुळीच्या महिन्यांत पंधरा दिवसांतून एकदा पॅनल पुसावेत, तेही सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी ओतणे चांगले नाही. पाणी नर्मदेचे वापरावे. बोअरिंगचे पाणी सुकले की काचेवर पांढरे डाग राहतात आणि ते पुढे निघता निघत नाहीत. साबणाची पूड, घासणी किंवा वाळू यांना हात लावू नये, लांब दांड्याचा मऊ पोचा पुरतो, आणि पॅनलवर कोणीही पाय देऊ नये. कबुतरे पॅनलखाली घरटी करतात व तारा टोचतात, म्हणून कडेने जाळी पहिल्याच महिन्यात लावून घ्यावी. दिवाळीनंतर एकदा सगळे नटबोल्ट आवळून घ्यावेत, आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या एका स्वच्छ दिवशी सकाळी साडेनऊला, दुपारी साडेबाराला आणि साडेतीनला गच्चीवर जाऊन सावली कुठवर आली आहे ते त्याच वहीत रेखाटून ठेवावे.